कोहळा, कारीट आणि भोपळ्याचा दिवा : एक लोकसांस्कृतिक अभ्यास

प्रस्तावना

इ.स. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबर रोजी आली. त्या दिवशी पहाटे जोगेश्वरीसारख्या उपनगरातील कोकणी घरांत अभ्यंगस्नान करून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले गेले, आणि त्याच दिवशी सायंकाळी पाश्चात्त्य देशांत हॅलोविनचा सण साजरा झाला. त्या सणाची ओळख म्हणजे भोपळा पोखरून, त्याला डोळे व दात कोरून, आत दिवा ठेवून केलेला कंदील. एकीकडे वेलीवरचे फळ असुराचे मस्तक समजून चिरडले गेले, तर दुसरीकडे वेलीवरच्याच फळाला भुताचे तोंड देऊन ते उजळले गेले. दोन्ही फळे एकाच वनस्पतिकुलातील आहेत. हा तिथीचा योगायोग सोडून दिला, तरी या साम्याचा विचार करण्याजोगा आहे.

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांतील शाळा, मॉल आणि गृहसंकुले यांतून भोपळ्याच्या मुखवट्याचे दर्शन घडू लागले आहे. त्यावर सामान्यतः दोन प्रकारची मते ऐकू येतात. हे परकीय अनुकरण असून आपल्या परंपरेशी त्याचा काडीचाही संबंध नाही, असे एक मत. आपल्याकडेही सर्वपित्री अमावास्या आहे, दिवे आहेत, कोहळा आहे, तेव्हा दोन्ही एकच, असे दुसरे. दोन्ही मते घाईची आहेत. या कंदिलाचे घटक महाराष्ट्राच्या लोकाचारात फार पूर्वीपासून आहेत, परंतु ते तेथे परस्परांपासून कटाक्षाने वेगळे ठेवलेले आहेत. ते का वेगळे राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सलगमकडून भोपळ्याकडे

भोपळ्याच्या कंदिलाचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड या प्रदेशांत शोधले जाते. तेथील केल्टिक परंपरेत सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या संधिकालास ‘सावन’ म्हणत. या रात्री जिवंतांचे व मृतांचे जग यांमधील सीमा पातळ होते, अशी श्रद्धा होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला व जुन्या समजुती त्यांच्या पूर्वसंध्येला चिकटून राहिल्या. त्या रात्री कंदील केले जात ते भोपळ्याचे नव्हे, तर सलगमचे आणि तत्सम कंदांचे. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील लोकजीवन संग्रहालयात डोनेगल परगण्यातील फिनटाउन गावच्या अशा एका दिव्याची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे. मूळ दिवा १९४३ मध्ये संग्रहालयाकडे आला होता. सुकून आक्रसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा तो दिसतो. आजच्या हसऱ्या भोपळ्याच्या तुलनेत तो कितीतरी अधिक भयावह आहे.

या दिव्यामागे सांगितली जाणारी कथा जॅक नावाच्या लबाड माणसाची आहे. त्याने सैतानाला फसवून आपला आत्मा कधीही न नेण्याचे वचन मिळवले. मृत्यूनंतर स्वर्गाने त्याला नाकारले आणि वचनात अडकलेल्या सैतानाने नरकाचे दारही बंद केले. जाताना सैतानाने फेकलेला निखारा जॅकने पोखरलेल्या सलगममध्ये ठेवला आणि तो कायमचा भटकत राहिला. मात्र या कंदिलाचे इंग्रजी नाव छापील कथेहून जुने आहे. सतराव्या शतकात ते रात्रीच्या पहारेकऱ्यास आणि दलदलीवर दिसणाऱ्या फसव्या ज्योतीस लावले जात असे. कोकणातील माणसाला ती ज्योत अनोळखी नाही. रात्री वाट चुकवणाऱ्या शक्तीस तो ‘चकवा’ म्हणतो. पण त्याच कोकणात आणि गोव्यात हातात दिवटी घेऊन गावाच्या सीमेवर फिरणारा देवचार किंवा राखणदारही आहे, आणि तो वाटसरूला सुखरूप पोहोचवतो. रात्री हिंडणाऱ्या उजेडाला एका समाजाने शापित ठरवले, तर दुसऱ्याने त्यातील एक अंश रक्षणकर्ता मानला. हा भेद पुढे उपयोगी पडणारा आहे.

१८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास आयरिश लोकांनी देश सोडला. त्यांतील मोठा भाग अमेरिकेत गेला. तेथे सलगमपेक्षा मोठा, मऊ आणि पोखरण्यास सोपा असा भोपळा शरद ऋतूत विपुल मिळत असे. या स्थलांतरितांनीच भोपळ्याचा कंदील तेथे नेला, असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन कवी व्हिटियर याच्या भोपळ्यावरील कवितेत मुलांनी भोपळ्याला तोंड कोरून आत मेणबत्ती लावण्याचा उल्लेख आहे, आणि तो सुगीच्या आभारप्रदर्शनाच्या संदर्भात आहे, भुतांच्या रात्रीच्या नव्हे. म्हणजे कोरलेला भोपळा हा आधी सुगीचा खेळ होता. त्याला मृतांच्या रात्रीचा अर्थ चिकटला तो नंतर.

भोपळा कोणाचा?

हा भोपळा मुळात अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील एका गुहेत त्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बिया सापडल्या आहेत. कोलंबसोत्तर काळात युरोपीय व्यापाराबरोबर, विशेषतः पोर्तुगिजांमार्फत, ही भाजी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली असे मानले जाते. जोगेश्वरी ज्या साष्टी बेटावर वसलेली आहे, ते बेट १५३४ मध्ये वसईबरोबर पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले होते. तेव्हा ज्यास आज आपण निःशंकपणे ‘आपला’ तांबडा भोपळा म्हणतो, ज्याचे घारगे व भरीत करतो, तोही हॅलोविनच्या भोपळ्याइतकाच समुद्रापलीकडून आलेला आहे. त्याच्या आधी येथे दोन फळे होती : दुध्या भोपळा, ज्याच्या कडू जातीस तुंबा म्हणतात, आणि कोहळा.

नव्या फळाने जुन्याचे नाव घेतले आणि ‘भोपळा’ हा शब्द दोघांनाही लागू झाला. या नामांतराचा एक मनोरंजक परिणाम बालकथेत दिसतो. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेली म्हातारी भोपळ्यात बसून, वाटेवरच्या वाघ-कोल्ह्यांना चुकवीत जंगलातून घरी परतते, ही कथा मराठी मुलांना तोंडपाठ असते. आजच्या सचित्र पुस्तकांत हा भोपळा बहुधा तांबडा व गरगरीत काढतात. परंतु हीच कथा गुजरातीत तुंबडीची आहे, बंगालीत दुध्याची आहे, इराणमध्येही ती घरंगळणाऱ्या भोपळ्याची म्हणून सांगतात. सुकल्यावर लाकडासारखा कठीण होणारा आणि आतून पोकळ असणारा तुंबाच प्रवासाला योग्य. तांबडा भोपळा चार कोसांत फुटेल. अमेरिकेत सलगमची जागा ज्या फळाने घेतली, त्याच फळाने येथे तुंब्याची जागा घेतली असावी, असे अनुमान यावरून करता येते.

कथांचा आशय मात्र उलट आहे. जॅक पोखरलेल्या कंदात विस्तव घेऊन भटकतो आणि कोठेच पोहोचत नाही. म्हातारी पोखरलेल्या फळात स्वतःचा जीव घेऊन निघते. मराठी कल्पनेत फळाची पोकळी ही आसऱ्याची जागा आहे. कडू तुंब्याचा प्रत्यक्ष उपयोगही त्याच दिशेचा आहे. संन्याशाचे पाण्याचे पात्र आणि पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवरचा तरंगता आधार त्यापासूनच होत असे. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार घराण्यांनी तंबोरे व सतारी घडवल्या, त्यांचा ध्वनिपेटा म्हणजे सोलापूर जिल्ह्यात पिकणारा हाच भोपळा. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जोगेश्वरीला लागून असलेल्या आरे परिसरातील पाड्यांवर वारली समाज राहतो. त्या समाजाचा तारपाही सुकलेल्या भोपळ्यावाचून होत नाही. फळ पोखरण्याची कला म्हणजे येथे नवी गोष्ट नव्हे. येथील कारागिराने ते नादासाठी पोखरले, उजेडासाठी नाही, एवढाच फरक.

कोहळा : मस्तकाचा प्रतिनिधी

कोहळ्याचे स्थान याहून गंभीर आहे. संस्कृतात ‘कूष्मांड’ हा शब्द कोहळ्याचा वाचक आहे आणि तोच शब्द पुराणांत वेताळ-पिशाचांबरोबर येणाऱ्या, शिवाच्या परिवारातील एका भूतगणाचाही वाचक आहे. नवदुर्गांतील चौथीचे नाव कूष्मांडा आहे. कालिकापुराणात पशुबलीच्या जागी कूष्मांड व ऊस यांचा बळी मान्य केलेला आहे. या एका तरतुदीने किती पशूंचे प्राण वाचले असतील याची गणना कोणी ठेवलेली नाही. पण देवीच्या उपासनेत रक्ताची जागा फळाने घेण्याची वाट येथून मोकळी झाली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापुरात पाहावयास मिळते. आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललिता पंचमीस, अंबाबाईची पालखी टेंबलाई टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीस जाते. स्थानिक आख्यायिकेनुसार कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा पुत्र कामाक्ष याने देवांना मेंढ्यांचे रूप देऊन बंदिस्त केले. त्र्यंबोलीने त्याचा वध करून त्यांना सोडवले. पुढील विजयोत्सवात तिलाच बोलावण्याचे राहून गेले, तेव्हा ती रुसून टेकडीवर पाठ फिरवून बसली. तिची समजूत काढण्यासाठी अंबाबाई दरवर्षी येते. या प्रसंगी गुरव घराण्यातील कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळ्याचा भेद केला जातो. कोहळा म्हणजे असुर. तो फुटताच त्याचे तुकडे मिळवण्यासाठी भाविकांची झुंबड उडते, कारण तो तुकडा घरात असणे शुभ मानतात. मरताना कोल्हासुराने आपल्या नावाने नगर वसावे व दरवर्षी कोहळ्याचा बळी दिला जावा असा वर मागितला, अशीही कथा सांगितली जाते.

येथे असुराशी झालेला करार आहे, जसा जॅकच्या कथेत सैतानाशी आहे. परंतु कोल्हासुराचा करार नगराला नाव देतो, आणि जॅकचा करार त्याला बेघर करतो.

कोहळा हा मस्तकाचा प्रतिनिधी असल्याची जाणीव घरगुती आचारांतही टिकून आहे. अखंड कोहळा स्त्रीने प्रथम चिरू नये, पुरुषाने त्यावर पहिला घाव घालावा, ही समजूत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळते. बळी देण्याचे काम पुरुषाचे, ही तिच्यामागची जुनी कल्पना दिसते. कोल्हापुरात मात्र तोच घाव कुमारिका घालते. देवीचे कृत्य देवीच्याच रूपाने व्हावयाचे असल्याने तेथे नियम उलटतो. कार्तिक शुद्ध नवमीस, कूष्मांडनवमीस, कोहळ्याला छिद्र पाडून आत सोने किंवा नाणे लपवून तो दान देण्याचा आचार आहे. फळ कोरून आत काहीतरी चमकणारे ठेवण्याचा महाराष्ट्रातील हा बहुधा एकमेव विधी, आणि त्यात ठेवलेली वस्तू दिसू नये अशीच अपेक्षा असते. जोगेश्वरीच्या बाजारात दुकानाच्या चौकटीवर टांगलेला कोहळा तर रोजच्या पाहण्यातला आहे. तो दृष्ट स्वतःवर घेतो, नासला की नजर लागली असे समजून बदलला जातो.

कारीट आणि नरकासुर

नरकचतुर्दशीचे कारीट ही याच कल्पनेची लहान आवृत्ती. कारीट म्हणजे शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर वाढणाऱ्या रानवेलीचे लिंबाएवढे, अतिशय कडू फळ. काही ठिकाणी त्याला चिराटे म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी तुळशीवृंदावनाजवळ डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडायचे, त्याचा रस जिभेला किंवा कपाळाला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, असा क्रम. वर्षातील गोड दिवसाची सुरुवात कडू चवीने होते. गोव्यात याच पहाटे नरकासुराचे प्रचंड पुतळे मिरवून जाळतात. तेथे असुराला डोळे, दात, मिशा सर्व काही मिळते. कारिटाला मात्र चेहरा नसतो. त्याला चेहरा देण्याची गरजच पडत नाही, कारण त्याचे आयुष्य अंगठ्याखाली क्षणभराचे असते.

दिवा कोठे ठेवला जातो?

आता उजेडाकडे वळावे. आश्विन वद्य त्रयोदशीस दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतात. धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत चतुर्दशी व अमावास्येस उल्कादान सांगितलेले आहे. महालयात भूलोकी आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून पेटत्या चुडी धरण्याचा तो विधी. कार्तिकातील आकाशदीपाचा अर्थही याच जातीचा. आज जोगेश्वरीच्या चाळींत व इमारतींत टांगला जाणारा आकाशकंदील त्याचाच वारस. २ नोव्हेंबरला आंबोली, मरोळ, वांद्रे येथील जुन्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कुटुंबीय थडगी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या या समाजाच्या आणि शेजारच्या हिंदू घरांच्या दिव्यांमध्ये पितरांपुरता तरी फारसा फरक नाही. दोन्हींकडे दिवा मृतासाठी आहे, मृताचे रूप नव्हे. नवरात्रात गुजराती घरांत ठेवला जाणारा सच्छिद्र मातीचा गरबो हा तर रचनेने भोपळ्याच्या कंदिलाचा सख्खा भाऊ : पोकळ गोल, भोके, आत ज्योत. पण त्या भोकांत डोळे-तोंड कोणी शोधत नाही. तो घट देवीचा आहे.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. महाराष्ट्रात फळ हे असुराचे मस्तक आहे आणि ते फोडायचे असते. दिवा हा देवतेचा वा पितरांचा आहे आणि त्याला नमस्कार करायचा असतो. सांजवात लागताच हात जोडणाऱ्या घरात दिव्याला असुराच्या तोंडात ठेवणे हे कोणास सुचले नाही, कारण तसे केल्यास एक तर असुराला नमस्कार घडेल, नाही तर दिवा फोडावा लागेल. आयर्लंडमध्ये दिव्यास तसे दैवी रूप नव्हते. तेथे तो शापित माणसाच्या हातातला निखाराही होऊ शकत होता.

या नियमाला जवळ जाणारा एकच अपवाद सांगता येतो. तमिळ व कन्नड भाषिक प्रदेशांत आयुधपूजेस किंवा गृहप्रवेशास कोहळ्याच्या वरच्या अंगास छिद्र पाडून आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवून दृष्ट काढतात आणि मग तो रस्त्यावर आपटतात. बांधकामाच्या जागी टांगलेल्या कोहळ्यावर उग्र चेहराही रंगवतात. मुंबईच्या उपनगरांतील दाक्षिणात्य कुटुंबांमुळे ही प्रथा येथेही अपरिचित राहिलेली नाही. येथे चेहरा, फळ व अग्नी हे तिन्ही घटक जवळजवळ एकत्र येतात. तरीही ज्योत आत शिरत नाही, ती वरच जळते, आणि शेवट फोडण्यातच होतो. रस्त्यावर पसरलेल्या लगद्यावरून दुचाकी घसरतात, म्हणून हल्ली त्याविरुद्ध आवाहनेही केली जातात. पण तो वेगळा विषय.

उपनगरातील आजची स्थिती

हॅलोविनच्या कंदिलापुढे येथे एक व्यावहारिक अडचणही आहे. भाजीबाजारातला तांबडा भोपळा चपटा, खोल रेघांचा, जाड गराचा असतो. तो कोयत्याने कापून फोडींवर विकला जातो, अख्खा भोपळा घरी नेणारे गिऱ्हाईक विरळा. सुरीने त्याला दात कोरणे सोपे नाही, आणि गर काढून साल उजळायची ही कल्पनाच स्वयंपाकघराला मानवणारी नाही. त्यामुळे शाळांच्या फलकांवर आणि दुकानांच्या काचांवर दिसतो तो बहुधा कागदाचा किंवा प्लास्टिकचा भोपळा. त्याच्यामुळे कोहळ्याचे काही बिघडण्याचे कारण दिसत नाही. कोहळा चौकटीवर टांगला जातच आहे, कारण त्यामागे दुकानदाराची रोजची भीती उभी आहे.

काळजी करावयाची ती कारिटाची. त्याला लागवड नाही, तो कोणाच्या शेतातले पीक नाही. बांध आणि पडीक जागा राहिल्या तरच ती वेल राहते. मजास, आंबोली ही एकेकाळची शेतीची गावे आता पूर्णपणे इमारतींखाली गेली आहेत. आरेच्या हिरव्या पट्ट्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्थानकाबाहेर झेंडू व आंब्याच्या पानांबरोबर टोपलीत चार-पाच कारिटे घेऊन बसलेली विक्रेती आजही भेटते, पण ती फळे उपनगराबाहेरून आलेली असतात आणि दुपारपर्यंत संपतात. ती न मिळाल्यास काही घरांतून त्याऐवजी काकडीचा तुकडा किंवा लहान लिंबू पायाखाली फोडले जाते. आधी पशूऐवजी कोहळा आला, मग कोहळ्याऐवजी कारीट, आणि आता कारिटाऐवजी लिंबू. कडू रस मात्र त्या लिंबातून निघत नाही.